जुन्या गाडीस जस्ताची कल्हई

आमच्या लहानपणीं दिवाळीच्या आधीं आठ-दहा दिवस आळींत कल्हईवाला येत असे. अंगणाच्या कोपऱ्यांत खड्डा खणून तो भाता बसवी, आणि घरोघरचीं पितळेचीं पातेलीं नि तपेलीं त्याच्यापुढें येऊन पडत. पातेलें चांगलें तापलें कीं तो चिमूटभर नवसागर टाकी. पांढरा धूर निघे, नाकास झोंबे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानें एक फेर मारतांच काळवंडलेलें पातेलें आंतून रुप्यासारखें उजळे. ‘हा नवसागर कशाला?’ असें आम्ही एकदां विचारलें, तेव्हां ‘त्याशिवाय कथील धरत नाहीं’ एवढेंच उत्तर मिळालें. पुढें अडतीस वर्षें शाळेंत मुलांना संस्कृत शिकवून आम्ही निवृत्त झालों. परंतु त्या उत्तराचा पुरा अर्थ कळण्यास मागच्या मार्गशीर्षांत पुण्याजवळच्या एका कारखान्यांत, वितळलेल्या जस्ताच्या कुंडापाशीं जाऊन उभें राहावें लागलें.

निमित्त झालें आमच्या तीर्थरूपांच्या जीपगाडीचें. मागें या सदरांत तिचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावरून दोघा-तिघा वाचकांनीं पत्रें धाडून ‘आमच्याही घरीं आजोबांची गाडी गंजत पडली आहे, तिचें काय करावें?’ असें विचारलें आहे. त्यांस निरनिराळीं उत्तरें लिहिण्यापेक्षां घडलें तें सर्व येथेंच सांगतों. त्यांत आमच्या शहाणपणापेक्षां आमच्या चुकाच अधिक आहेत, हें आधींच कबूल केलेलें बरें.

गाडी १९६५ सालची. अमेरिकेंतील विलीस कंपनीच्या नमुन्यावरून महिंद्र कंपनीनें मुंबईंत बांधलेली, उंच बॉनेटची. तीर्थरूप रत्नागिरी जिल्ह्यांत समुद्रकांठच्या गांवीं डॉक्टर होते. रात्रीं-अपरात्रीं कंदील घेऊन कोणी दाराशीं आला कीं ते गाडी काढीत, आणि पुळणीवरून, कधीं खाडीच्या उथळ पाण्यांतून, रोग्याच्या घरीं पोंचत. अडलेल्या बायका त्या गाडींतून तालुक्याच्या रुग्णालयांत गेल्या; त्यांतल्या एकीचा मुलगा पुढें आमच्याच वर्गांत बसला. १९९४ सालीं तीर्थरूप निवर्तले. तेव्हांपासून गाडी मांगराच्या पडवींत ताडपत्रीखालीं उभी होती. खारा वारा ताडपत्रीस जुमानीत नाहीं.

धाकट्या बंधूंचें मत गाडी भंगारांत काढावी असें होतें. भंगारवाला येऊन किलोवर भावही करून गेला होता. मातुःश्री या विषयावर कांहीं बोलत नसत. मात्र भंगारवाला आला त्या दिवशीं त्या जेवल्या नाहींत, हें घरांतल्या बायकांनीं पाहिलें. शेवटीं बंधूंचे चिरंजीव, जे पुण्यास यंत्रांच्या कारखान्यांत इंजिनीयर आहेत, त्यांनीं गाडी आपल्या अंगावर घेतली. खर्चाचा अर्धा भार आम्ही उचलला, आणि अर्ध्या खर्चाबरोबर संपूर्ण सल्ला देण्याचा अधिकारही गृहीत धरला.

पुतण्यानें वरचा पत्र्याचा डबा उतरवून सांगाडा मोकळा केला. मेस्त्रीलोक ज्यास चासी म्हणतात तो हा सांगाडा. दोन लांब पोलादी पन्हळी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि त्यावर सारी गाडी. त्या पन्हळींत चिखल साचतो, चिखलांत मीठ राहतें, मिठामुळें ओल राहते. दोन ठिकाणीं तर पेचकस टेकवितांच आरपार गेला. कुजलेला भाग कापून नवी पट्टी झाळणें हें उघडच होतें. प्रश्न पुढचा होता. आंतल्या कोपऱ्यांत ब्रश पोंचत नाहीं, आणि जेथें ब्रश पोंचत नाहीं तेथूनच गंज पुन्हां सुरू होतो. यावर पुतण्या म्हणाला, “अण्णाकाका, आपण अख्खी चासी जस्तांत बुडवून काढूं.”

आम्ही प्रथम हंसलों. जस्त म्हटलें म्हणजे आमच्या डोळ्यांपुढें न्हाणीघरांतली बादली आणि गोठ्यावरचा पन्हळी पत्रा. परंतु रीत तीच, आणि ती आजकालची नव्हे. इंग्लंडांतील हौशी लोक आपल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांस हेंच करतात. त्या गाडीचा जन्म १९४८ चा. महायुद्धानंतर तेथें पोलादाची टंचाई होती, म्हणून वरचा साज ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला, तो टिकला. खालचा सांगाडा मात्र पोलादाचाच राहिला, आणि हिंवाळ्यांत रस्त्यांवर टाकलेल्या मिठानें तो खाल्ला. आतां तेथें जस्तांत बुडवून काढलेले नवे सांगाडेच विकत मिळतात. तेथें रस्त्यावरचें मीठ, आमच्याकडे वाऱ्यावरचें, रोग एकच.

येथें संस्कृतच्या मास्तरास थोडी मोकळीक द्यावी. जस्त ही मोठी चंचल धातु. तिचें खनिज कोळशाबरोबर तापविलें म्हणजे धातु सुटते खरी, पण त्या आंचेंत तिची वाफ होऊन ती धुराबरोबर निघून जाते. कारण ९०७ अंशांवर ती उकळते. ती वाफ हवा न लागूं देतां धरून थंड करावी लागते. ही युक्ति आपल्या देशांत फार जुनी. तेराव्या शतकांतला म्हणून मानल्या जाणाऱ्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथांत यासाठीं वृन्ताकमूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, सांगितली आहे. आणि उदेपूरच्या दक्षिणेस जावर येथें तशाच आकाराच्या भाजलेल्या मुशींचे ढीगच्या ढीग अजून पडलेले आहेत. ‘वृन्ताक’ शब्द मुलांना शिकवितांना आम्ही भाजीपलीकडे कधीं गेलों नाहीं, याची आतां चुटपुट लागते. युरोपांत ब्रिस्टल येथील विल्यम चँपियन यानें जस्त काढण्याचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं. त्यानंतर चारच वर्षांनीं, १७४२ सालीं, मालुएँ नांवाच्या फ्रेंच पंडितानें वितळलेल्या जस्तांत लोखंड बुडविण्याची कल्पना तेथील विद्वत्सभेपुढें मांडली, आणि १८३७ सालीं सोरेल यानें तिचें पेटंट घेतलें. या क्रियेस ‘गॅल्व्हनायझिंग’ म्हणतात तें बेडकाच्या तंगड्यांवर विजेचे प्रयोग करणाऱ्या गॅल्व्हानीच्या नांवावरून. बुडवितांना वीज कोठेंच लागत नाहीं. पण पुढें जें रक्षण घडतें तें विजेचेंच काम असतें, म्हणून नांव अगदींच अस्थानीं नाहीं.

तें रक्षण असें. दोन धातु एकमेकींस चिकटून ओलाव्यांत असल्या म्हणजे त्यांतली एक झिजते आणि तिच्या जिवावर दुसरी वांचते. लोखंडावर कथील असेल आणि त्यास ओरखडा पडला, तर झिजण्याची पाळी लोखंडावर येते. चरा पडलेला बिस्किटांचा डबा लवकर गंजतो तो यामुळें. लोखंडावर जस्त असेल तर उलटें होतें. ओरखड्याशीं लोखंड उघडें पडलें तरी आधीं जस्त झिजतें, आणि तें आसपास आहे तोंवर लोखंडास सहसा धक्का लागत नाहीं. रंगाचें तसें नाहीं. रंगास एक भोक पडलें कीं गंज त्याच्या खालून वाळवीसारखा पसरत जातो.

आतां कारखान्याची हकीकत. तो एका औद्योगिक वसाहतींत आहे. तेथें मुख्यतः विजेचे खांब आणि मनोरे यांचें काम चालतें. आमच्यासारखें फुटकळ गिऱ्हाईक ते मेहेरबानी म्हणून घेतात. मजुरी वजनावर. वजनावर म्हटल्याबरोबर आमच्यांतला काटकसरी गृहस्थ जागा झाला. एवढा टेंपो भाड्यानें करून जावयाचेंच, तर जाण्याचा खर्च एकच. मग गाडीचें सारेंच लोखंड का बुडवूं नये? पुतण्या नको नको म्हणत असतां आम्ही कमानींचे पाटे, नट-बोल्टांची करंडी, हत्यारपेटीचें झांकण आणि मागचीं मडगार्डें असें सारें सांगाड्याबरोबर चढविलें.

तेथील मुकादम पन्नाशीचा, मितभाषी मनुष्य. त्यानें ढीग पाहिला आणि वाटणी सुरू केली. पाटे प्रथम बाजूस काढले. पाट्यांचें पोलाद कठीण केलेलें असतें. बुडविण्यापूर्वीं तेजाबांत ठेवतांना अशा पोलादांत हायड्रोजन वायु शिरतो आणि तें ठिसूळ होतें. शिवाय कुंडाच्या उष्णतेनें त्याचें पाणी उतरण्याचा संभव. असा पाटा घाटांत एकाएकीं तुटला तर? पाट्यांना रंगच बरा. तोच न्याय कडक जातीच्या बोल्टांना. साध्या बोल्टांस हरकत नाहीं, पण जस्ताच्या थरानें आटे बुजतात, म्हणून नटांचे आटे मागाहून थोडे मोठे कापून घ्यावे लागतात. ब्रेकचे ओतीव ड्रम आणि बेअरिंगें तर आणूंच नयेत. जेथें शिशाचा किंवा कथलाचा डाक दिलेला असेल तो भाग आणूं नये, कारण तो डाकच वितळून जाईल. पत्र्याच्या सामानाकडे बोट दाखवून तो म्हणाला, “गुरुजी, पातळ पत्रा वाकडा होतो. माझ्यावर बोल लावायचा नाही.” आम्ही भीड सोडून आग्रह केला. झांकण परत आलें तें भाजलेल्या पापडासारखें. तें आतां पेटीवर बसत नाहीं, आणि घरांत कोणी त्याचा विषय काढला म्हणजे आम्हांला पंचांग पाहण्याचें काम निघतें.

सांगाड्यावरचा जुना रंग आम्ही खड्यांच्या माऱ्यानें आधींच काढून नेला होता. हें फार महत्त्वाचें. तेजाब गंज खातें, पण रंग, डांबर आणि झाळकामाची काजळी खात नाहीं; तेवढ्या जागीं जस्त धरतच नाहीं आणि काळे डाग राहतात. झाळकामही सारें आधींच उरकावें. जस्त चढल्यावर झाळूं गेल्यास तें जळून त्याचा धूर होतो, आणि त्या धुरानें झाळणाऱ्यास थंडी वाजून ताप भरतो. आणखी एक गोष्ट पुतण्यानें दूरदृष्टीनें केली. सांगाड्यावर जो नंबर ठोकलेला असतो, त्याचे उथळ आंकडे जस्तानें भरून जातात. परिवहन कार्यालयांत तर तोच नंबर ओळख म्हणून पाहतात. म्हणून त्यानें नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनें त्याचा ठसा घेतला, छायाचित्र काढलें, आणि तेवढ्या जागेवर जस्त धरूं नये असा उष्णता सोसणारा लेप दिला. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीस ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी मिळते, दहा वर्षांची. परंतु गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे आणि सांगाड्यांत फेरफार केलेला चालत नाहीं. नंबरच बुजला तर मूळ सांगाडा हाच, हें पटवून कोणास द्यावयाचें?

सामान देऊन आम्ही पुतण्याच्या घरीं मुक्कामास आलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास सांगाडा बुडणार होता. पहांटे संध्येस बसलों असतां, चित्त स्थिर व्हावयाच्या ऐवजीं, १९८३ सालचा एक पावसाळा डोळ्यांपुढें आला. त्या वर्षीं सांगाड्यास उजव्या अंगास तडा गेला होता. बाजारांतल्या लोहारानें पन्हळीच्या उघड्या तोंडावर हातभर लांब पट्टी ठेवून ती चहूंबाजूंनीं झाळली होती. आम्ही स्वतः छत्री धरून त्याच्याजवळ उभे होतों. वरून डांबर फांसलें, आणि ती गोष्ट सर्वांच्या विस्मृतींत गेली. पुतण्यास ती कळण्याचा संभवच नव्हता. तो तेव्हां जन्मलाही नव्हता.

आतां यांत काय बिघडलें, असें वाचकांस वाटेल. आदल्या दिवशीं मुकादमानें सहज सांगितलेली एक गोष्ट आम्हांला आठवली म्हणून आमच्या तोंडचें पाणी पळालें. कुंडांतलें जस्त सुमारें ४५० अंशांवर असतें. बंद पोकळींत घोटभर जरी पाणी किंवा तेजाब अडकलें असेल, तरी त्याची क्षणांत वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला सोळा-सतराशे पट जागा हवी असते. ती मिळाली नाहीं म्हणजे पोकळी फुटते आणि वितळलेलें जस्त कारंज्यासारखें उडतें. कुंडाच्या कांठावर माणसें उभीं असतात.

पुतण्या आधींच दुचाकीवर निघून गेला होता. त्याचा फोन वाजे, पण तो उचलीना. कारखान्याचा क्रमांक आमच्यापाशीं नव्हता. आम्ही तसेच, सोंवळ्यावर सदरा चढवून, रिक्षा केली. त्या चाळीस मिनिटांत आम्हांला कोणतेंही स्तोत्र पुरें म्हणतां आलें नाहीं.

पोंचलों तेव्हां सांगाडा सांखळ्यांवर टांगलेला होता आणि मुकादम चहा घेत होता. आम्ही धापा टाकीत पट्टीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “बसा गुरुजी. तें काल संध्याकाळींच सांपडलें.” तेजाबांत घालण्यापूर्वीं तो प्रत्येक सामान लहान हातोडीनें वाजवून पाहतो, त्या जागीं आवाज बद्द आला. त्यानें पट्टीस दोन्ही टोकांस बोटभर रुंदीचीं भोकें पाडलीं, तर आंतून तांबूस पाणी वाहिलें. झाळकामांतल्या केसाएवढ्या चिरेंतून चाळीस वर्षें तें आंत झिरपत असलें पाहिजे. मग त्यानें डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत, चकाकणारी होती. कोणा गिऱ्हाइकानें कठड्याचा नळ दोन्ही तोंडें बंद करून धाडला होता, आणि विचारलें तेव्हां ‘आंत कांहीं नाहीं’ म्हणून सांगितलें होतें. एवढें बोलून त्यानें बाही खालीं घेतली. पट्टीबद्दल आम्हांला मात्र त्यानें एक शब्दही लावला नाहीं. लावला असता तर बरें वाटलें असतें.

पुढचा विधि आम्ही कांठापासून दूर उभे राहून पाहिला. आधीं उष्ण क्षारांत तेलकटपणा काढणें, मग पाणी, मग मिठाच्या तेजाबांत गंज काढणें, पुन्हां पाणी. आणि त्यानंतर एक कोमट पाण्याचा हौद आला. “यांत काय?” असें विचारतां मुकादम म्हणाला, “जस्ताचा क्षार आणि नवसागर.” आम्ही चमकलों. “त्याशिवाय जस्त धरत नाहीं?” असें आम्हीच पुढें विचारलें. तो म्हणाला, “धरत नाहीं.” लोखंड तेजाबांतून निघून कुंडाकडे जाईपर्यंत हवा लागून पुन्हां मळतें, तो शेवटचा मळ नवसागर काढतो. आळींतला कल्हईवाला आणि हा कारखाना यांचें शास्त्र एकच.

सांगाडा तिरपा करून कुंडांत सोडला. पांढरा धूर निघाला, नाकास तोच ओळखीचा झोंब लागला, आणि जस्त कढईंतल्या तेलासारखें चरचरलें. चार-पांच मिनिटांनीं वरची मळी बाजूस सारून सांगाडा हळूहळू वर घेतला. भोकांतून जस्ताच्या धारा गळाल्या. भोकें नसतीं तर तें आंतच गोठून बसलें असतें. सांगाडा बहुतेक रुप्यासारखा निघाला. लोहाराची ती पट्टी मात्र राखाडी राहिली. पोलादांत सिलिकॉनचें प्रमाण कमी-अधिक असलें म्हणजे असें होतें; संरक्षणांत उणें नाहीं, केवळ रूपाचा फरक. आम्हांला तो फरक आवडला. तीर्थरूपांच्या गाडीची दुरुस्ती कोठें झाली होती हें आतां कोणासही दिसेल.

किती टिकेल? तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर हा थर सरासरी ७० मायक्रॉनांचा असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. देशावरच्या साधारण हवेंत तो वर्षास एक-दोन मायक्रॉन झिजतो. अगदीं खाऱ्या वाऱ्याच्या तोंडीं चार ते आठ. म्हणजे आमच्या गांवीं नुसत्या जस्तावर दहा-पंधरा वर्षें. वरून रंग दिल्यास त्याहून पुष्कळ अधिक. परंतु बाजारांतला तेलाचा रंग जस्तावर सरळ देऊं नये. त्याची जस्ताशीं क्रिया होऊन साबणासारखा थर होतो आणि रंग पापुद्र्यांनीं सुटतो. जस्तासाठीं म्हणून जो पहिला हात मिळतो तो द्यावा, मग रंग. आणि आणलेलें सामान ओलें एकावर एक रचून ठेवूं नये. हवा न लागल्यास त्यावर पांढरी भुकटी धरते.

सांगाडा आतां मांगरांत दोन ओंडक्यांवर ठेवला आहे. नंबर पेन्सिलीच्या ठशाशीं ताडून पाहिला; आंकडा न आंकडा स्पष्ट आहे. मातुःश्री काठी टेकीत पाहावयास आल्या, आणि पट्टीवरच्या भोकांत करंगळी घालून ‘हीं बुजवायचीं राहिलीं का?’ असें त्यांनीं विचारलें. बुजवावयाचीं नाहींत, पाणी निघून जाण्यास तशींच ठेवावयाचीं, असें पुतण्यानें सांगितलें. पाट्यांना काळा रंग देऊन झाला आहे. इंजिनाचें काम चैत्रांत सुरू होईल. हत्यारपेटीस नवें झांकण करावयाचें आहे. त्याचा खर्च सर्वानुमतें आमच्या एकट्याच्या नांवें लिहिला गेला आहे.